निकाल शंभर टक्के, पट मात्र निम्म्यावर

ताई, नमस्कार.

माझी मुलगी आठवी पास झाली, जूनमध्ये नववीला जाईल. गावात अनुदानित हायस्कूल आहे, पाचवी ते दहावी. माझे मिस्टर तिथेच शिकले. तेव्हा एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या होत्या, आता सगळी शाळा मिळून १२८ मुलं आहेत. यंदा दहावीला १९ जण बसले आणि १९ पास झाले. 'सलग चौथ्या वर्षी १०० टक्के निकाल' असा फ्लेक्स कमानीवर लागलाय. माझा पुतण्या याच बॅचचा. आठवीत ते ३१ जण होते, पण नववीनंतर सरांनी त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितला, म्हणून तो या १९ मध्ये नाही. मिस्टर आणि सासरे म्हणतात, पट उतरला म्हणजे शाळेत काही राहिलं नाही, हिला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालू. ती शाळा १६ किलोमीटरवर आहे, तिचाही निकाल शंभर टक्केच. इकडे मुख्याध्यापक दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, तुमची गेली की मागोमाग चार जातील, आणि मग आमचा एक शिक्षक जाईल." मुलगी हुशार आहे, पण गणिताला घाबरते. मैत्रिणी आहेत म्हणून तिला शाळा बदलायची नाही. निकाल इतका चांगला असेल तर मुलं ही शाळा सोडून का जातात? आणि मी मुलगी काढली तर शाळा बंद पडायला मीच कारण होणार का?

— एक आई, सातारा जिल्हा

*

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पुतण्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितला. शाळेचा निकाल आणि शाळेचा पट यांची गाठ तिथे बसली आहे, म्हणून आधी तेच बघू.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा मध्येच सुटली, जे कामाला लागले, ज्या मुलींची लग्नं झाली, त्यांना दहावी करता यावी म्हणून केलेली ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण मंडळ नियमित विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा लावतं आणि खासगी विद्यार्थ्यांचा वेगळा. फ्लेक्सवर जातो तो नियमितांचा. त्यामुळे नववीत कच्चा दिसणाऱ्या पोराला "तुला झेपणार नाही, बाहेरून बस" असं सांगितलं की पुढे तो पास होवो नाहीतर नापास, शाळेच्या टक्केवारीला काही होत नाही. आठवीपर्यंत असं करता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिथपर्यंत मुलाला शाळेतून काढायला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पाचवी आणि आठवीला परीक्षा आली, त्यात मूल मागे राहू शकतं, पण शाळेबाहेर घालवता येत नाही. नववीला हे छत्र संपतं. शंभर टक्क्यांची चाळण नववीच्या वर्गात लागते, मार्चच्या परीक्षेत फक्त तिचा हिशेब होतो.

सगळ्या शाळा हे करतात असं मी म्हणत नाही. तुमच्या शाळेनेही किती जणांच्या बाबतीत केलं हे ना मला ठाऊक, ना तुम्हाला. ३१ चे १९ झाले, म्हणजे १२ मुलं कमी. त्यातली काही आई-बापांबरोबर पुण्या-मुंबईला गेली असतील, काही तालुक्याच्या शाळेत, एखादी मुलगी मामाकडे शिकायला. पण हे बारा जण कुठे गेले हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलेलं असतं. दुसऱ्या शाळेत गेला असेल तर दाखला गेलेला असतो. मुख्याध्यापक तिसऱ्यांदा घरी आले की चहा देताना सरळ विचारा: "सर, या बॅचची बारा पोरं कुठे गेली?" आठ-नऊ जणांचा हिशेब ते तिथल्या तिथे देऊ शकले तर शाळा बरी आहे. "अहो वहिनी, ते जाऊ द्या" म्हणाले, तर त्या १९ जणांच्या शंभर टक्क्यांकडे जरा जपून बघा. १९ भागिले ३१ म्हणजे ६१ टक्के. हाही आकडा न्यायाचा नाही, कारण चांगल्या कारणाने गेलेली मुलं त्यात शाळेच्या नावावर पडतात. पण खरं काय ते ६१ आणि १०० च्या मध्ये कुठेतरी आहे. फ्लेक्सवर मधला आकडा कधी लागत नाही, एवढंच.

(पुतण्याने तो फॉर्म खरंच भरला का, बघा. पुष्कळ ठिकाणी "भर" म्हणून सांगतात आणि पुढे त्याचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मुदत उलटते आणि पोरगं कुठल्याच यादीत राहत नाही. अर्ज भरलाच नसेल तर त्याला पुन्हा शाळेत घ्या म्हणून आग्रह धरा, आणि घरच्या मोठ्या माणसाने सोबत जा.)

आता शंभर टक्क्यांकडे. राज्याचे दहावीचे निकाल एका ओळीत मांडून बघा. २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला ७७.१०. २०२० ला ९५.३०. २०२१ ला ९९.९५. २०२२ ला ९६.९४. २०२३ ला ९३.८३. २०२४ ला ९५.८१. २०२५ ला ९४.१०. २०१९ ला महाराष्ट्रातली पोरं एकाएकी मठ्ठ झाली आणि २०२० ला पुन्हा शहाणी झाली, असं काही घडलेलं नाही. २०१९ च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. २०२० ला तर भूगोलाचा पेपरच करोनामुळे झाला नाही. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल लागला. म्हणजे टक्केवारी वर-खाली करण्यात शिकवण्याइतकाच वाटा गुणांच्या पद्धतीचाही असतो. शंभरापैकी ऐंशी लेखीचे, वीस शाळेच्या हातातले, आणि पास व्हायला पस्तीस. बाकीचं गणित तुम्हीच करा.

राज्यात शंभरातली ९४-९५ मुलं पास होत असताना एखाद्या शाळेचा निकाल १०० टक्के लागला, यातून फारसं काही कळत नाही. त्यात तुमची शाळा लहान. १९ मुलांत एकाला पेपरच्या दिवशी ताप भरला आणि तो राहिला, की निकाल ९४.७४ वर येतो. मग फ्लेक्स नाही, सत्कार नाही, आणि गावभर "शाळा घसरली." एका मुलाच्या तापावर मास्तरांची वर्षभराची मेहनत मोजली जाते. लहान शाळांना हा धाक मोठ्या शाळांपेक्षा जास्त असतो, आणि सतरा नंबरचा मोहही त्यातूनच येतो. मोह समजू शकते. माफ करता येत नाही.

तालुक्याच्या शाळेचे शंभर टक्केही याच नजरेने वाचा. तिथे नववीला किती मुलं होती, दहावीला किती बसली? नववीत घेताना परीक्षा घेतात का? दारातच निवडून घेतलेली मुलं पुढे पास झाली, यात शाळेचा वाटा किती आणि मुलांचा किती?

मग बघायचं काय? दोन्ही शाळांत दहावीचा निकालाचा तक्ता मागा. त्यात टक्केवारीच्या शेजारी श्रेण्या असतात: ७५ च्या वर विशेष प्रावीण्य किती, ६० च्या वर प्रथम श्रेणी किती, ४५ च्या वर द्वितीय किती, आणि नुसते पास किती. शंभर टक्के निकालात निम्मी मुलं पस्तीस ते पंचेचाळीसमध्ये असतील तर ती शाळा वेगळी, आणि निम्मी साठच्या वर असतील तर वेगळी. फ्लेक्स दोघींचा सारखाच दिसतो. एकूण टक्केवारीवरही जाऊ नका, कारण ती सहा विषयांतल्या चांगल्या पाचांवर निघते आणि नेमका कच्चा विषय तिथे झाकला जातो. तुमच्या मुलीची भीती गणिताची, म्हणून गणिताचे गुण वेगळे विचारा. तीन वर्षांचे मिळाले तर उत्तमच.

आणि आज संध्याकाळी मुलीची गणिताची वही उघडा. निकालाच्या तक्त्यापेक्षा ही वही तुम्हाला जास्त सांगेल. पुस्तकातले सरावसंच सगळे सोडवलेत, की दर संचातली पहिली दोन-तीन उदाहरणं करून पुढे गेलेत? धड्याच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह केलाय की कोराच आहे? लाल शाईच्या नुसत्या खुणा आणि खाली सही, की चुकलेल्या पायरीला गोल करून शेजारी काही लिहिलंय? एका पानावर उत्तर चुकलंय आणि तरी बरोबरची खूण आहे, असं दोन-तीन ठिकाणी दिसलं तर समजा, वही तपासलेली नाही, नुसती उलटली आहे. शेवटची तपासणी कोणत्या तारखेची, तेही बघा.

मग तिच्यापुढे कागद ठेवा आणि ७२९ भागिले ४ करायला सांगा. हसू नका. २०२३ च्या 'असर' सर्वेक्षणात चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला दिलं होतं. ते जमलेली मुलं शंभरात ४३ च्या आसपास निघाली. यातली बरीचशी मुलं शाळा-कॉलेजात नाव असलेली होती. तुमची मुलगी इथे अडली तर गोष्ट नववीची नाही, पाचवीची आहे, आणि ती कुठलीही शाळा बदलून सुटणार नाही. सुट्टीत कोणीतरी शेजारी बसून करून घेतलं तर मात्र सुटते. अडली नाही, तर भीती बीजगणिताची आहे, आणि मग नववीला गणित कोण शिकवणार, हाच तुमचा खरा प्रश्न.

तो प्रश्न पटाशी जोडलेला आहे, म्हणून आता पट. सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुलं कमी झाली हे खरं, शाळा वाईट आहे म्हणूनच कमी झाली हे खरं असेलच असं नाही. तुमच्या मिस्टरांच्या वेळी एका घरात चार-पाच मुलं असायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातला जननदर बाईमागे १.७ वर आला आहे. मुळात मुलंच कमी जन्माला येतात. त्यातली काही घरं कामासाठी शहरात गेली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर ठिकठिकाणी नव्या शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गाड्या वाडी-वस्तीपर्यंत फिरू लागल्या. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी अशी रचना आणली, त्यामुळे काही ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला आणि पूर्वी पाचवीलाच हायस्कूलमध्ये येणारी मुलं तिथेच थांबली. पट उतरतोय तो एकट्या तुमच्या गावात नाही. देशभरातल्या शाळांची एकूण विद्यार्थिसंख्या युडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदीत २०२२-२३ मध्ये २५.१८ कोटी होती, २०२३-२४ ला २४.८० कोटी आणि २०२४-२५ ला २४.६९ कोटी.

पूर्वीच्या भरगच्च पटाबद्दल हळवं होण्याआधी एक आठवण ठेवा. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा लाखो मुलं फक्त हजेरीपटावर आहेत, वर्गात नाहीत, असं उघड झालं होतं. आज मुलाचं आधार जुळलं नाही तर ते पटात धरत नाहीत, त्याचं मूळ तिथे आहे. जुना मोठा पट सगळा खरा होता असं समजू नका. आजचा १२८ बहुधा खरा आहे.

तेव्हा पट ही शाळेच्या शिकवण्याची पावती नाही. पण पट उतरल्याचा परिणाम मात्र थेट शिकवण्यावर होतो, आणि इथे मुख्याध्यापक तुम्हाला खोटं सांगत नाहीत. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. मुलं कमी झाली की पद जातं, पद गेलं की कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष कमी पटाच्या शाळांना आणखी जड केले, म्हणून शिक्षक संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. मोठ्या शाळेत एक शिक्षक गेला तर वेळापत्रक हलतं. १२८ मुलांच्या शाळेत एक गेला तर विषय जातो. गणिताचे सर गेले की मराठीच्या बाईंच्या तासिकांत गणित येतं. त्या मनापासून शिकवतीलही, पण तुमच्या मुलीची भीती त्यांच्या भीतीला भेटली तर अवघड आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना दुसरा प्रश्न हा विचारा: नववी-दहावीला गणित कोण शिकवतं, त्यांची पदवी गणित-विज्ञानाची आहे का, आणि यंदाच्या संचमान्यतेत ते राहतील का? हे त्यांना नक्की माहीत असतं. सेवाज्येष्ठतेची यादी त्यांच्या टेबलाच्या काचेखालीच असते.

युडायसचा अकरा अंकी क्रमांक शाळेच्या फलकावर किंवा दाखल्यावर सापडेल. त्या क्रमांकावरून शाळेचं रिपोर्ट कार्ड ऑनलाइन बघता येतं. इयत्तावार मुलं, शिक्षक, वर्गखोल्या, सगळं असतं. दोन्ही शाळांचं बघा आणि आठवी-नववी-दहावीचे आकडे शेजारी शेजारी लिहा. तिरकं वाचलं, म्हणजे गेल्या वर्षीची आठवी आणि यंदाची नववी, की कुठल्या वर्गात गळती आहे ते दिसतं. इंग्लिश मीडियमच्या बाबतीत नववीला पट एकदम उतरलेला दिसला तर दचकू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर मोफत शिकणाऱ्या मुलांची सवलत आठवीला संपते, आणि त्यातली बरीच मुलं फी झेपत नाही म्हणून नववीला अनुदानित शाळेत येतात. कदाचित तुमच्याच गावच्या शाळेत येतील, आणि मुख्याध्यापकांना तुमच्या दारात यावंच लागणार नाही.

तालुक्याच्या शाळेत गेलात की गुळगुळीत पत्रक बाजूला ठेवा आणि आधी हे विचारा: नववी-दहावीची मान्यता आहे का, मंडळाचा सांकेतांक या शाळेचाच आहे का, की मुलं दुसऱ्या शाळेच्या नावावर परीक्षेला बसतात? राज्य मंडळ की सीबीएसई? सीबीएसई असेल तर नोंदणी नववीतच होते. नंतर नाही जमलं म्हणून परत फिरणं सोपं नसतं. आणि माध्यम. आठ वर्षं मराठीत शिकलेल्या मुलीला नववीत इतिहास-भूगोलापासून सगळं इंग्रजीत द्यायचं, म्हणजे दोन वर्षांतलं पहिलं वर्ष शब्द समजण्यात जातं. दहावी काही थांबत नाही. गणिताला घाबरणाऱ्या मुलीला एकाच वेळी भाषाही अनोळखी करून देऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन. इंग्रजीची काळजी असेल तर सेमी इंग्रजी हा आपल्याकडचा चांगला मधला मार्ग आहे: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तुमच्या शाळेत सेमी आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही.

पैशाचंही बघा. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. मुलीने आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती का? दिली असेल आणि निवड झाली असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण ती शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ती गेली. घरात ही गोष्ट बहुतेक कोणाला आठवत नाही, फी भरून झाल्यावर आठवते. एसटीचा पास मुलींना मोफत आहे हे खरं. पण पास मोफत असून काय उपयोग, साडेपाचची गाडी चुकल्यावर पुढची किती वाजता? सोळा किलोमीटर नकाशावर जवळ दिसतात, पावसाळ्यात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो पत्राच्या शेवटी होता पण तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय. नाही, शाळा बंद पडली तर तुम्ही कारण नसाल. तुमची मुलगी तुकडी वाचवायला जन्माला आलेली नाही. मुख्याध्यापक घरी येतात ते त्यांचं कामच आहे, आणि येतात यात वाईट काही नाही. मुलं सोडून जात असताना ऑफिसात बसून राहणारेही असतात. पण "शिक्षक जाईल" हे ओझं आईच्या डोक्यावर ठेवणं बरोबर नाही. त्यांना तुमची गरज आहे, तर त्या गरजेचा उपयोग करून घ्या. गणिताचा शिक्षक राहणार, सेमी सुरू राहणार किंवा सुरू होणार, नववीच्या कोणत्याही मुलाला सतरा नंबर सुचवायचा झाला तर आधी पालकांशी बोलणार, हे पालकसभेत सगळ्यांसमोर सांगा म्हणावं. एकट्या तुमच्या ओट्यावर नको. सभेत बोललेलं इतिवृत्तात येतं. शाळा अनुदानित आहे, तिथे माहितीचा अधिकारही चालतो, पण त्या अर्जाची घाई करू नका. गावात राहायचं आहे, आणि बहुतेक माहिती नुसती विचारल्यावर मिळते.

माझं मत विचाराल तर: गणिताचे सर यंदा राहणार असतील आणि वही बरी निघाली, तर नववीला मुलगी गावातच ठेवा. लहान वर्गाचा फायदा असतो. वीस-पंचवीस मुलांत घाबरणारी मुलगी लपून राहत नाही, आणि लपून राहता आलं नाही की कधी ना कधी विचारते. मैत्रिणींचं कारणही पोरकट समजू नका. चौदाव्या वर्षी शाळेत जावंसं वाटणं ही अर्धी लढाई आहे. फक्त त्या मैत्रिणींच्या आयांना एकदा विचारून घ्या, नाहीतर तुम्ही मुलीला तिच्यासाठी ठेवाल आणि जूनमध्ये त्याच तिघी तालुक्याच्या बसमध्ये दिसतील.

गणिताचं पद रिकामं असेल किंवा जाणार असेल, तर हलवा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण हलवायचंच तर घरात ज्या एकाच शाळेचं नाव चाललंय तिथेच का? गावचं हायस्कूल आणि इंग्लिश मीडियम यांच्यामध्ये तिसरी शाळा असते, तिच्याकडे तुमच्या घरात कोणी बघितलेलं दिसत नाही: तालुक्याच्या ठिकाणची जुनी, मोठ्या पटाची अनुदानित शाळा. कर्मवीरांच्या जिल्ह्यात अशा शाळांची वाण नाही. तिथे विषयाला शिक्षक असतात, सेमीच्या तुकड्या असतात, फी नसते, शिष्यवृत्ती असेल तर तीही राहते. मिस्टरांना "इंग्लिश मीडियम नको" असं म्हणून वाद घालण्यापेक्षा "आणखी एक शाळा बघून येऊ" म्हणा. सासऱ्यांनाही न्या. गणिताचे गुण त्यांनाच विचारू द्या. घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला पटकन पटतं.

मुलीला घेऊनच जा, आणि तास चालू असताना जा. सुट्टीत बघितलेली शाळा सगळ्यांनाच आवडते. आत्ता सुट्टी असेल तर जूनचा पहिला आठवडा जाऊ द्या. नववीच्या प्रवेशासाठी आठ दिवस थांबल्याने फारसं बिघडत नाही, फक्त त्या शाळेत जागा आहे का एवढं फोनवर आधी विचारून ठेवा. आणि काहीही ठरलं तरी, नव्या शाळेने प्रवेश दिल्याचं लेखी हातात येईपर्यंत गावच्या शाळेतून दाखला काढू नका.